मरीआईचा पांगुळगाडा

पांगुळगाडा माळ्यावरून खाली आला तेव्हाच सुगंधाबाईनं नवऱ्याला विचारलं होतं, "ह्याच्यावर देवी बसवणार? आपल्या घरातली समदी लेकरं मुतलेत ह्याच्यावर."

"चाकं हायत ना? देवीला चाकं लागतेत," त्रिंबक म्हणाला आणि फडक्यानं गाड्याची तिन्ही चाकं पुसायला बसला.

ह्याच गाड्याला धरून त्रिंबक चालायला शिकला, त्याच्या पाठचा बिरू शिकला, आणि पुढं त्रिंबकची लेक पुष्पाही शिकली. तिचं लग्न आता वैशाखात नळखेडीच्या मच्छिंद्राशी ठरलं होतं. मरीआईचा गाडा खरं तर सुतारानं करायचा असतो. पण खापरवाडीचा सुतार केव्हाच जालन्याला जाऊन सोफे करायला लागला होता. बिरू तिकडंच एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला. त्यानं सुताराला निरोप दिला, तर सुतार म्हणाला, "देवीला सोफा पाहिजे असंल तर सांगा. गाडा परवडत न्हाई."

गावात रोगराई आली की मरीआईला गाड्यावर बसवायचं, तिची ओटी भरायची, सोबत एक जित्राब बांधायचं आणि गाडा वाजतगाजत उगवतीच्या शिवेपल्याड नेऊन सोडायचा. तिथून पुढं ती त्या गावाची डोकेदुखी. त्या गावानं तिला आपल्या शिवेपल्याड लोटायचं. अशी लोटत लोटत देवी शेवटी कुठं जाते, समुद्रात पडते की फिरून मागल्या दारानं परत येते, हे आजवर एकाही शहाण्यानं पाहिलेलं नाही. पूर्वी हा गाडा ओढायचं कामसुद्धा गावानं गावकुसाबाहेरच्यांच्या अंगावर टाकलं होतं. रोग सगळ्यांचा, आणि तो हातात धरायचा त्यांनी. पुढं त्यांनी ‘तुमची देवी तुमीच ओढा’ म्हणून सांगितलं आणि अंग काढून घेतलं. बराबर केलं. आपल्याकडं धर्माची निम्मी कामं अशीच चालतात. घाण उचलायची, शेजाऱ्याच्या दारात लोटायची आणि वर हळदीकुंकू वाहायचं.

ह्या खेपेला मात्र वाजतगाजत काहीच नव्हतं. त्रिंबकच्या गोठ्यात शेळ्या मरत होत्या आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आधी नाकातून पाणी, मग तोंडात फोड, मग ढाळ. करडं पटापट गेली, मागून त्यांच्या आया जायला लागल्या. बिरूनं सुट्टीच्या दिवशी भोकरदनहून ढोरांच्या डॉक्टरला मोटारसायकलवर मागं बसवून आणलं. डॉक्टरनं शेळीचा ओठ वर करून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"गायीबैलांची बुळकांडी सरकारनं मोठ्या मेहनतीनं हटवत आणली," तो म्हणाला. "ही तिचीच भावकी. शेळ्यामेंढ्यांत शिरलीय. आपल्या भागाला नवीन आहे. शिंकेतून पसरते, एका गव्हाणीत तोंड घातलं तरी पसरते. मी लस घेऊन येतो. तोवर एकही जनावर गोठ्याबाहेर काढायचं नाही. आणि आसपासच्या गावांना सांगावं लागेल."

"सांगायचं न्हाई," सुगंधाबाई म्हणाली होती.

ते तीच म्हणाली होती. हे विसरून चालणार नाही, कारण पुढं दिवसभर ती दुसऱ्यांवर ओरडत होती. नळखेडीला कळलं की खापरवाडीच्या त्रिंबकच्या घरात शेळ्यांचा रोग हाय, तर सोयरीक मोडली म्हणून समजा. रोगाच्या घरची पोरगी कोण करील? म्हणून तिनं सगळ्यांची तोंडं बंद केली. डॉक्टर गेला, बिरू ड्युटीला गेला. तेवढ्यात सासूबाई जयवंताबाईंनी मरीआईचं काढलं, आणि सुगंधाबाईनं त्यालाही मान हलवली. फक्त हलगी नको, गर्दी नको, एवढंच म्हणाली.

अडचण दिशेची निघाली. उगवतीला नळखेडीच होती.

"लेकीच्या सासरात रोग ढकलता? मावळतीला न्या," सुगंधाबाई म्हणाली.

"मावळतीला तुह्या भावाचं गाव हाय," जयवंताबाई शांतपणे म्हणाल्या. "त्याच्या शिवेत नेऊन ठिवू का? तुहं माहेर हाय, तू सांगशील तसं."

सुगंधाबाईनं लगेच दिशा बदलली.

"दक्षिणेला?"

"पाझर तलाव हाय. देवीला पवता येतं का?"

"उत्तरेला?"

"वनखात्याचा डोंगर," त्रिंबक म्हणाला. "तो गार्ड सरपणाची मोळी सोडत न्हाई. लाकडाची देवी सोडंल व्हय?"

मग उगवतीलाच ठरलं. मच्छिंद्राच्या बापाच्या, काकासाहेब इवायाच्या रानापासून लांब सोडायचा, असं त्रिंबकनं बायकोच्या गळ्याची शप्पथ घेऊन सांगितलं. देवीला धडधाकट जित्राब द्यायचं असतं. त्रिंबकनं दिली बिनशिंगाची बोडकी शेळी, जिच्या नाकातून आदल्या दिवसापासून शेंबूड गळत होता.

"आजारी?" सुगंधाबाईनं विचारलं.

"देवीचाच रोग, देवीचीच शेळी. तिचं तिला देऊन टाकू. चांगली कशाला घालवायची?"

लिंबाच्या ओंडक्यातून कोरलेली हातभर देवी, तिला हिरवं खणाचं कापड, हिरव्या बांगड्या, नारळ, हळदीकुंकू, आणि मागं दाव्याला बोडकी. बायामाणसं रानात गेल्यावर भर दुपारी त्रिंबक गाडा ढकलत निघाला. परत आला तेव्हा हात झटकत होता.

"काम झालं," म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. सुगंधाबाई शेणानं भरलेल्या हातानं ओट्यावर आली तर जीपमधून गुलाबी फेटा उतरला. फेट्याखाली काकासाहेब इवाई. मागून नव्या इरकलीत उषाबाई इहीण, हातात पेढ्यांचा पुडा, आणि दोघांचीही तोंडं अशी फुललेली की सुगंधाबाई हात पुसायचे विसरली. माणूस भांडायला आला तर काय करायचं ते तिला ठाऊक होतं. हसत आला तर काय करायचं?

"इवाई, तुमी तर कमालच केली!" काकासाहेबांनी त्रिंबकला मिठीच मारली. "असं आंदण आमच्या सात पिढ्यांत कुणी दिलं न्हाई."

त्रिंबकनं बायकोकडं पाहिलं. बायकोनं सासूकडं पाहिलं. सासूनं आढ्याकडं पाहिलं.

"कंचं आंदण?" त्रिंबक म्हणाला.

"घ्या! देऊन वर विचारतेत!" काकासाहेब बाजेवर बसले. "काल उन्हं कलताना हिरीवर गेल्तो. बांध ओलांडला तर बाभळीखाली शेळी. म्हणलं कुणाची सुटली. कान धरून पाह्यला तर डाव्या कानाला दुहेरी खाच! म्हणलं, ही तर त्रिंबक इवायाची खूण. पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाची न्हाई."

सुगंधाबाईनं डोळे मिटून घेतले. रोग लपवला, हलगी लपवली, दिशा लपवली. आणि ह्या माणसानं स्वतःच्या हातानं कातरलेला कान मोकळा सोडला. त्यात तो गाडा इवायाच्या बांधाला नेऊन टेकवला. लांब जायचं म्हणून गेलेला माणूस पहिली सावली दिसली की थांबतो, हे लग्नापासून तिला माहीत होतं. तरी तिनं विश्वास ठेवला.

"मागं पाह्यलं तर गाडा," काकासाहेब रंगात आले होते. "त्याच्यात खण, बांगड्या, नारळ. मी घरी आणलं तर आमची ही रडायलाच लागली."

"रडू न्हाई तर काय!" उषाबाई सुगंधाबाईच्या जवळ सरकली. "लोक आंदणात भांडी देतेत, गाय देतेत. पण पांगुळगाडा? लग्नाच्या आधीच नातवाचा इचार? म्हणलं, ह्या इहिणीला मन हाय. आन गुपचूप ठिवून जायाची रीत तर बघा. मोठेपणा नको, काही नको."

"आमी... तसं गुपचूपच असतंय आमच्यात," सुगंधाबाई म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"आन ती ठकी!"

"ठकी?" जयवंताबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"लिंबाची बाहुली वो. काय कोरलीय! थोरल्या लेकीची लेकरं आलेत उन्हाळ्याच्या सुट्टीला. रातभर तिला घेऊनच निजले. धाकट्याला दात येऊन राह्यलेत, तो तर तिचं डोकंच चघळतोय."

जयवंताबाईंना असा ठसका लागला की पुष्पा आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. मरीआई. जिच्या नावानं जयवंताबाई आयुष्यभर मंगळवार धरत आल्या, जिचं नाव घेताना पदर सावरायच्या, तिचं डोकं नळखेडीत कुणाचं तरी पोर चघळत होतं, आणि आभाळ होतं तिथंच होतं.

तेवढ्यात परसातल्या गोठ्यातून शेळी खोकली. ठसठशीत, ओला खोकला.

त्रिंबक लगेच खोकला. गोठ्यात दुसरी खोकली. जयवंताबाई खोकल्या. त्यांना तसाही ठसका होताच. सुगंधाबाईनंही पदर तोंडाला लावला.

"घरात सर्दीची साथ दिसती," काकासाहेब म्हणाले.

"व्हय. मान्सांत," त्रिंबक म्हणाला.

"मंग शेळीला बी तुमच्याचकडून लागली म्हणायची," उषाबाई हसली. "तिच्या नाकातून पाणी येतंय थोडं. आमी म्हणलं, उन्हाची चालत आली. घरात घेतली. आमच्या दुभत्या शेळ्यांच्यात बांधली, त्यांच्याच गव्हाणीत. हळदगूळ चारला."

"बराबर केलं," त्रिंबक म्हणाला. "ऊनच हाय. दुसरं काय बी न्हाई. बिलकुल न्हाई."

सुगंधाबाई उठली. "चहा ठिवते," म्हणाली.

*

चुलीपुढं ती, सासू आणि पुष्पा. बाहेर काकासाहेबांचं मोठ्यानं चाललेलं.

"काही बोलायचं न्हाई," जयवंताबाई कुजबुजल्या. "लगीन होऊ दे. पोरगी एकदा माप ओलांडून गेली की मंग काय व्हायचं ते होऊ दे."

"त्यांच्या शेळ्या मरतीन, आत्याबाई."

"शेळ्या काय, पुन्हा घेता येतीन. सोयरीक पुन्हा येते का?"

कालपर्यंत सुगंधाबाईचं हेच मत होतं. अक्षरशः हेच. तरी आता तेच सासूच्या तोंडून ऐकल्यावर तिला राग आला, आणि राग का आला हे कळेना.

पुष्पा पीठ चाळत होती. चाळणी थांबवून म्हणाली, "माय, मी कव्हा जाणार तिथं?"

"वैशाखात. आता काय इचारते?"

"न्हाई, हिशेब करून राह्यले. शेळ्या आज खोकतीन. मरायला लागतीन तव्हा मी हळदीच्या अंगानं त्यांच्या दारात उभी असंन." तिनं पुन्हा चाळायला सुरुवात केली. "लोक गव्हाणीकडं थोडीच बघतीन? पायाकडं बघतीन."

चूल फुरफुरली. सुगंधाबाईनं साखर टाकायची थांबवली.

ती ह्या घरात आली त्या साली सासऱ्याची म्हैस मेली होती. म्हैस आधीपासून आजारी होती. गावातल्या कुत्र्यालाही ते माहीत होतं. पण ती मेली सुगंधाबाईनं माप ओलांडल्यावर. त्या दिवसापासून ती पांढऱ्या पायाची. दूध नासलं, पांढरा पाय. विहिरीला पाणी कमी लागलं, पांढरा पाय. बिरूला पहिल्यांदा नोकरी लागली नाही, त्यालाही तिचेच पाय. आणि हे सगळं ज्या तोंडातून निघालं ते तोंड आत्ता तिच्याशेजारी चुलीत काटक्या सारत होतं. म्हशीच्या पोटात जंत होते. ते कुणी बोलून दाखवलं नाही. सुनेच्या पायाकडं सगळ्यांनी बघितलं. आपल्याकडं जनावराचा डॉक्टर मिळत नाही, पण पाय बघणारे घराघरात.

"आत्याबाई," ती म्हणाली, "म्हशीचं आठवतंय का तुमाला?"

"कंच्या म्हशीचं?" जयवंताबाई म्हणाल्या. चेहऱ्यावरून त्यांना खरंच आठवत नसल्यासारखं दिसलं. हेच सुगंधाबाईला सगळ्यात जास्त लागलं.

*

चहाच्या कपबश्या घेऊन ती बाहेर आली आणि तेव्हाच फटफट करत बिरूची मोटारसायकल दारात आली. मागं डॉक्टर, मांडीवर लशीचं बर्फाचं खोकं गच्च धरून.

त्रिंबक ओट्यावरून उडी मारूनच खाली उतरला. "या या! हे बिरूचे जालन्याचे दोस्त," तो मोठ्यानं म्हणाला. "खोक्यात कुल्फी आणली वाटतं!"

"दादा, काय येड लागलं का तुला?" बिरू म्हणाला. "डॉक्टर हायत. लस आणलीय. थंडी उतरली तर वाया जाईल. जल्दी कर, शेळ्या मोकळ्या कर."

"डॉक्टर?" काकासाहेबांचा कप अर्ध्यात थांबला.

"मान्सांचे!" त्रिंबक म्हणाला. "सर्दीसाठी."

"मी जनावरांचा डॉक्टर आहे," डॉक्टर म्हणाला. त्याला ह्या घरातली भावकी कळत नव्हती आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. "आता मला खरं सांगा. ज्या आजारी नाहीत त्यांनाच लस टोचायची. मी मागच्या वेळी सांगितलं होतं, जनावर बाहेर जाऊ देऊ नका. एखादं बाहेर गेलंय का? गेलं असेल तर त्या गावालाही आजच टोचावं लागेल. उद्या उशीर होईल."

"एकबी न्हाई," त्रिंबक म्हणाला.

बिरूनं ओट्यावर बसलेल्या इवाया-इहिणीकडं पाहिलं, पेढ्यांकडं पाहिलं, मग भावाकडं पाहिलं. "दादा, माळ्यावरचा पांगुळगाडा कुठंय?"

"वाळवीनं खाल्ला."

"तीन दिवसांत?"

"तू जालन्याला असतो, तुला काय म्हाईत खापरवाडीची वाळवी! सुट्टीला येतो आन घरात अक्कल वाटत फिरतो."

"अक्कल वाटायला तुह्याकडं भांडं तरी हाय का, दादा?"

सुगंधाबाईनं बशा खाली ठेवल्या. त्या बाईला भाषण करता येत नव्हतं. आलं तसं ती बोलली.

"इहीणबाई, ते आंदण न्हाई. आमच्या शेळ्यांत रोग हाय. तो मरीआईचा गाडा हाय. ठकी न्हाई ती, देवी हाय. आन ती शेळी आजारी हाय, आमाला ठाऊक असून दिली. गावाची शीव ओलांडून तुमच्याकडं लोटलं आमी."

गोठ्यातली शेळी परत खोकली, पण ह्या खेपेला तिला साथ द्यायला कुणीच खोकलं नाही.

मग काकासाहेब उभे राहिले. फेटा काढला, परत घातला, परत काढला. "रोग? माह्या घरात रोग? माह्या दुभत्या शेळ्या! इवाई म्हणून मिठी मारली मी तुला, त्रिंबक! खण नारळ लावून रोग पाठवला? सोयरीक मोडली! सुपारी परत! ऊठ गं, जीपमधी बस!"

"काकासाहेब, देवीचं काम हाय, त्याच्यात आपला—" त्रिंबक म्हणाला.

"देवीनं कान कातरला का? तू कातरला!"

"बरं, मोडली तर मोडली!" त्रिंबकही तापला. "तुमी बी बघायचं न्हाई का आपण काय उचलून राह्यलो ते? रानात जे दिसंल ते आंदण समजायचं?"

"ऐकलं का! उलटा मलाच!"

बिरू भावाच्या बाजूनं धावला. दोन मिनिटांपूर्वी तो भावाला उघडं पाडत होता. पण परका माणूस भावावर ओरडला की त्याला राहवत नसे. जयवंताबाई सुनेवर घसरल्या, "तोंड मिटून ठिवता येत न्हाई तुला, पोरीचा गळा कापला तू." आणि पुष्पा दारातून म्हणाली, "माह्या मायला बोलू नका, आजे." पाच माणसं एकदम बोलत होती. सहावा डॉक्टर बर्फ वितळतोय म्हणून ओरडत होता.

उषाबाई मात्र जागची हलली नव्हती.

"इहीणबाई," ती म्हणाली, "लगीन होईस्तोवर दडवता आलं असतं तुमाला. काहून सांगितलं?"

"तुमच्या शेळ्या मरतीन ना," सुगंधाबाई म्हणाली, "तव्हा पुष्पी तुमच्या दारात असंल. समदे तिच्या पायाकडं बघतीन." तिनं सासूकडं पाहिलं नाही. "मला ठाऊक हाय ते कसं असतं. सोयरीक मोडली तर मोडू द्या. पण माह्या लेकीला जल्मभर पांढऱ्या पायाची कुणी म्हणलं न्हाई पायजे."

उषाबाईनं थंड झालेला चहा उचलला आणि पिऊन टाकला. मग नवऱ्याला म्हणाली, "खाली बसा."

"मी सोयरीक—"

"कंच्या तोंडानं मोडता? काल हलगी कुणी लावली?"

काकासाहेब खाली बसले.

"आमी वाजतगाजत आणली ती," उषाबाईनं सगळ्यांना सांगितलं. आवाज अगदी साधा. "आख्ख्या नळखेडीतून मिरवली. शेळीला कुंकू लावलं. शेजारच्या द्वारकाबाईनं तिला ओवाळलं, मी द्वारकाबाईच्या वटीत साखर घातली. आता आज जाऊन काय सांगू? मरीआई मी हलगी लावून घरात घेतली म्हणू? गावातली कोंबडी मेली तरी दहा वर्सं माह्या नावानं खडे फोडतीन. आन द्वारकाबाई तर मला हिरीवर पाणी भरू द्यायची न्हाई."

तिनं रिकामी कपबशी खाली ठेवली.

"म्हणून ते आंदण हाय," उषाबाई म्हणाली. "आंदण म्हणून आलं, आंदण म्हणूनच ऱ्हाईल. सोयरीक हाय तशी हाय. सोयरीक मोडली तर आंदण कशाचं म्हणून इचारतीन लोक."

काकासाहेबांनी फेटा मांडीवर घेतला आणि तो परत बांधायला लागले. माणूस हरला की हाताला काहीतरी काम लागतं.

"पण नळखेडीला लस टोचावी लागेल," डॉक्टर म्हणाला. "ह्याच रोगाची लस अजून आपल्याकडं आलेली नाही, बुळकांडीचीच वापरतो, लागू पडते. तुमच्या गावातल्या सगळ्या शेळ्या गोळा करायच्या, तर कारण सांगावं लागेल."

"रोगाचं नाव निघालं की शेळ्या रानात दडवतीन लोक," काकासाहेब म्हणाले. "सरकार शेळ्या मारायला आलंय म्हणतीन."

तेव्हा बिरूच्या डोक्यातून ते निघालं. "सरकारचं नावच घ्यायचं न्हाई. आहेर म्हणायचा. नव्या सोयऱ्याकडून नळखेडीच्या समद्या शेळ्यांना इंजेक्शनचा आहेर. फुकट. आहेर म्हणलं की ज्याच्याकडं शेळी न्हाई तो बी शेजाऱ्याची घेऊन येतो."

डॉक्टरनं हातातल्या खोक्याकडं पाहिलं. सरकारी लस, सरकारी बर्फ, आणि मोठेपणा त्रिंबकचा.

"माह्याच मनात होतं हे," त्रिंबक म्हणाला. "पहिल्यापासून."

सुगंधाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं पुढचं वाक्य गिळलं आणि शेळ्या मोकळ्या करायला परसात गेला. मागोमाग काकासाहेबही बाह्या वर करून गेले. थोड्या वेळानं परसातून दोघांचे आवाज यायला लागले, "मान धर की इवाई!" "धरलीय की, तुमी पाय धरा!" आणि मधेमधे डॉक्टरची शिवी.

*

ओट्यावर बायाच राहिल्या. जयवंताबाईंना एकच चिंता लागली होती. त्या उषाबाईच्या कानाशी गेल्या.

"देवी तरी पुढं काढा, बाई. घरात ठिवू नका. तुमच्या उगवतीच्या शिवेपल्याड नेऊन ठिवा. रीत हाय."

"उगवतीला?" उषाबाई म्हणाली. "उगवतीला माह्या धाकट्या लेकीचं सासर हाय."

जयवंताबाई बोटावर उरलेल्या दिशा मोजायला लागल्या.

सुगंधाबाईला हसू फुटलं. आधी बारीक, मग आवरेना. तिला सगळ्या शिवा एकदम दिसल्या. प्रत्येक बांधापल्याड कुणाची तरी लेक, कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी दुभती शेळी. आणि बाप्ये आपले पिढ्यान्‌पिढ्या गाडा ढकलत राह्यले, पल्याड कुणीच राहत नसल्यासारखे. उषाबाईही हसायला लागली. दोघी इहिणी एकमेकींच्या खांद्याला धरून हसत होत्या. जयवंताबाईंना वाटलं, ह्या दोघींनाही रोग लागला.

"मंग काय करता तिचं?" त्यांनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या घरात. ठकी म्हणूनच ऱ्हाऊ द्या. लेकराचे दात येईस्तोवर तर ती कुठं जात न्हाई."

उषाबाई निघताना सुगंधाबाईनं कुंकू लावलं. पुष्पा पाया पडायला वाकली तर उषाबाईनं तिला मधेच धरलं. पोरीचे पाय शेणानं, पिठानं माखलेले होते. उषाबाईनं ते पाहिले, आणि तिनं पाहिलेलं सुगंधाबाईनं पाहिलं.

"निर्धास्त ये, पोरी," उषाबाई म्हणाली. "तुह्या आधीच देवी घरात शिरलीय. एखादी शेळी मेलीच, तर पायगुण तिचा."

"तिला पाय कुठं हायत?" जयवंताबाई म्हणाल्या. "लिंबाचा ओंडका हाय तो."

"म्हणून तर," उषाबाई म्हणाली, "तिला राग यायचा न्हाई."

जीप धुरळा उडवत नळखेडीकडं गेली. मागं बिरूची मोटारसायकल, डॉक्टर आणि खोकं. धुरळा खाली बसेपर्यंत सुगंधाबाई दारात उभी होती. जयवंताबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या म्हशीच्या पोटात जंत होते."

सुगंधाबाईनं मान वळवली. म्हणजे आठवत होतं. मघाशीही आठवतच होतं.

"कधी कळलं, आत्याबाई?"

"चिरली तव्हाच," जयवंताबाई म्हणाल्या आणि पदर खोचून गोठ्याकडं निघाल्या. "चल, त्या मेलेल्या करडाला खड्डा खणायचा हाय. चुना कुठं ठिवलाय?"